पाऊस वाटेत आहे

सकाळची संध्या उरकली की जोशीबुवा ओट्याच्या कडेला येऊन उभे राहायचे आणि शेंडीची गाठ सोडायचे. बाकी डोकं घासलेल्या तांब्यासारखं लखलखीत, मधोमध ती एवढीशी शेंडी. तिला वाऱ्यावर सोडून ते डोळे मिटून घ्यायचे. शेंडी थोडी इकडे जायची, थोडी तिकडे जायची, बहुतेक वेळा कुठंच जायची नाही. मग डोळे उघडून, हौदावर निघालेल्या बायकांपासून पारावर तंबाखू मळणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "उद्या सर येणार. गार होणार हो! सांगून ठेवतो."

चैत्र असायचा. मुठेच्या पात्रातल्या दगडांवर पाय ठेववत नसे. पेठेतली कुत्री भुंकायची तीसुद्धा सावली बघून. आणि हा माणूस घरोघर गारवा वाटत सुटलेला.

दुसऱ्या दिवशी अर्थातच सर यायची नाही.

"काय जोशीबुवा, सर कुठं राहिली?"

"निघालीय. वाटेत आहे."

"कालही वाटेतच होती."

"अहो, सिंहगडावरून यायचंय तिला. उतार आहे. जपून उतरते."

एकदा म्हणाले, पर्वतीपर्यंत आली होती, देवदर्शनाला थांबली. एकदा म्हणाले, आली होती, पण तुम्ही सगळे झोपला होतात, म्हणून तशीच परत गेली. त्यांचं एक मत पक्कं होतं, पाऊस यायचा तो सिंहगडाकडूनच. दुसऱ्या दिशा त्यांनी देवाला दुसऱ्या कामांसाठी ठेवलेल्या होत्या.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. त्याचं सांगणं खरं होत नाही हे ठाऊक असतं, आणि तरी त्याच्या दारावरून जाताना आपण पाय रेंगाळवतो, आज काय सांगतोय बघू म्हणून. उकाडा तेवढाच राहायचा. पण घागर सावरता सावरता बायका एकदा आभाळाकडे बघायच्या आणि हसायच्या. चैत्रातल्या दिवसाला तेवढं पुष्कळ झालं.

मी त्यांच्या समोरचा, रंगाऱ्याचा. आमच्या घराच्या मागं नागझरीच्या ओढ्यापर्यंत मोकळी जागा होती, तिथं आमचे दोर बांधलेले असत. पागोटी, लुगडी, शेले रंगवून त्या दोरांवर वाळत घालायचे, हे माझं काम. मी मूळचाच अबोल. आबा, म्हणजे माझे वडील, ते माझ्या वाटचंही बोलून घ्यायचे. त्यामुळं मी जे आता सांगणार आहे ते इतकी वर्षं एक जण सोडून कोणाला सांगितलं नाही, याचं घरात कोणाला नवल वाटलं नाही. आता आबा नाहीत, जोशीबुवा नाहीत. माझ्याही मिशीत पांढरं दिसू लागलंय. गप्प बसून आता मी कोणाला वाचवतोय, हे मलाच कळेना, म्हणून सांगतो.

दर पाडव्याला मारुतीच्या पारावर पेठेतली माणसं जमायची. कडुनिंबाची गोळी तोंडात टाकायची, तोंड वाकडं करायचं आणि जोशीबुवांचं पंचांग ऐकायचं. यंदाचा राजा कोणता ग्रह, प्रधान कोणता, मेघ कोणता, पाऊस किती. जोशीबुवा पोथी उघडायचे, बोट ठेवायचे, दोन ओळी वाचायचे आणि मग बोट तिथंच ठेवून वर बघत बोलायला लागायचे. पोथीत काय आहे आणि बुवांच्या मनात काय आहे यांची फारकत तिथून सुरू व्हायची.

एकदा कोणीतरी विचारलंच, "बुवा, पोथीत खरंच वसंतात सरी लिहिल्यात?"

"नाही," बुवा म्हणाले, "पोथीत उकाडा लिहिलाय. पण तो मी वाचणार नाही. सणाच्या दिवशी घरी आलेल्या माणसाला कोणी उकाडा वाढतं का?"

हे ऐकून जो हशा उठला, त्यात सर्वांत मोठा आवाज वैद्यराजांचा. हे आमच्या आळीच्या कोपऱ्यावरचे वैद्य. औषध कडू द्यायचे आणि त्याबरोबर एक शेरा द्यायचे, तो औषधाहून कडू. नाडी बघताना रोग्याला म्हणायचे, "आहे. अजून आहे."

त्या वर्षी, म्हणजे मी वीस-बावीस वर्षांचा असताना, पाडव्याला बुवांनी नेहमीसारखी सर सांगितली आणि वैद्यराज म्हणाले, "बुवा, इतकी वर्षं आम्ही तुमच्या सरींत भिजतोय. अंग तेवढं कोरडं राहतं."

पार हसला. आम्ही हसलो. बुवाही हसायला लागले, आणि हसता हसता मधेच थांबले. त्यांचं बोट पोथीतच होतं.

"वैद्यराज," ते म्हणाले, "गौर उठायच्या आत, मी सांगेन त्या दिवशी, या पेठेत सर येईल. नाही आली तर हे पंचांग मी ठेवून दिलं. पुन्हा हात लावणार नाही. मारुतीसमोर बोलतोय."

चैत्रगौर घरोघर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेला उठते. म्हणजे महिनाभराची मुदत. वैद्यराजांची कडुनिंबाची गोळी घशात अडकल्यासारखी झाली.

"अहो बुवा, थट्टा केली मी."

"मी नाही केली," बुवा म्हणाले आणि पोथी फडक्यात बांधायला लागले. गाठ त्यांना दोनदा मारावी लागली.

आता हे पंचांग म्हणजे त्यांचं सगळं. मूल-बाळ नव्हतं. लग्नाचा मुहूर्त असो, बारसं असो, नव्या विहिरीला पहिली कुदळ असो, लोक त्यांच्याकडे यायचे, ते त्या पोथीसाठी नव्हे, त्या पोथीतून बुवा जे वाचत नसत त्यासाठी. पण पोथी हातात असल्याशिवाय बुवांना बोलता येत नसे. तिच्याविना त्यांची सर म्हणजे नुसती थाप झाली असती.

चैत्र पुढं सरकला. बुवा रोज शेंडी सोडत होते, रोज सर सांगत होते. "आज येणार. सांगून ठेवतो." आभाळ घासून पुसून ठेवलेलं, एक काजळरेघ नाही. त्यांचा आवाज दिवसेंदिवस ओट्याच्या खाली उतरेना. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आळीत त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. "सर कुठं राहिली" नाही, "पर्वतीवर किती वेळ थांबली" नाही. पुण्यात माणसाची थट्टा बंद झाली की समजावं, लोकांना त्याची काळजी लागलीय.

घरोघर चैत्रगौरीची हळदीकुंकवं चालली होती. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. बायका नाव घेताना हसायच्या आणि गौरीपुढं हात जोडताना जरा जास्तच वेळ डोळे मिटायच्या. काय मागत होत्या ते कोणी बोललं नाही.

माझी बायको तेव्हा पहिलटकरीण. तिनं एकदा पन्ह्याचा पेला माझ्या हातात देता देता सहज म्हटलं, "वाळवण घातलं की पाऊस येतो म्हणतात. आभाळाला कुरडया दिसल्या की राहवत नाही त्याला."

मी पेला रिकामा केला आणि कामाला लागलो. पण ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

तुम्ही हसाल, पण आमच्याकडे हे वेदवाक्य आहे. फाल्गुनात पापड घाला, आभाळ येतं. सांडगे घाला, शिंतोडे पडतात. कोरड्या महिन्यात पाऊस हवा असेल तर यज्ञ करू नका, गच्चीवर कुरडया पसरा. आणि कुरडयांना आभाळ एवढं भुलतं, तर मग कुसुंबी रंगाला किती भुलेल? कुसुंबी हा पाण्याचा जन्माचा वैरी. चार थेंब पडले की लाल रंग ओघळून पागोट्याची रया जाते. आभाळाला एवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं कुठं मिळणार?

आणि आमच्या घरात त्या वेळी पेटी भरून कुसुंबी पागोटी होती. एका शिलेदाराच्या मुलाचं लग्न तृतीयेनंतर होतं, वऱ्हाडातल्या प्रत्येक पुरुषाच्या डोक्याला एकाच रंगाचं पागोटं हवं म्हणून आबांवर काम आलेलं. आबांनी त्यासाठी जीव काढला होता. रंगवून, वाळवून, घड्या घालून पेटीत ठेवली होती. त्यांच्या कारागिरीचा सगळा मान त्या पेटीत.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी आबा शिलेदाराच्या वाड्यावर निघाले. जाताना म्हणाले, "पेटीला हात लावायचा नाही. एक घडी जरी हलली, तर या घरात तुझं पान मांडायचं नाही. बायकोला घे आणि कुठं जायचं तिथं जा." आबा रागात बोलत नसत. म्हणून त्यांच्या बोलण्याची भीती वाटायची.

ते नजरेआड झाले आणि मी पेटी उघडली.

खोटं सांगत नाही, दोनदा दाराकडे बघून घेतलं. पण त्याचबरोबर पोटातून हसू येत होतं, लहान मुलाला उगाच येतं तसं. मी एकेक पागोटं उलगडून दोरावर टाकत गेलो. वाळलेलं कापड पुन्हा वाळत! नागझरीपर्यंत सगळी जागा लाल झाली. आभाळाला सांगावा धाडण्यासाठी यापेक्षा मोठं निशाण सबंध पुण्यात कोणी उभारलं नसेल.

तेवढ्यात बुवा आले. दारोदार फिरत होते. शेवटचा दिवस, शेवटचं सांगणं.

"रंगाऱ्या, आज सर येणार. कापड आत घे."

"घेतोय बुवा," मी म्हणालो आणि आणखी एक पागोटं दोरावर टाकलं.

त्यांनी पागोट्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "घेतोयस ना?"

"घेतोय."

ते मान हलवत पुढं गेले. मी दोर आवळून बांधण्यासाठी बांधावर चढलो, आणि तिथून मला आमची पेठ दिसली.

काय सांगू तुम्हाला! एकही अंगण रिकामं नव्हतं. गच्च्यांवर धोतरं पसरून त्यांवर कुरडया, ओट्यांवर सुपांतून सांडगे, चटयांवर पापड, खाटांवर शेवया. ज्या बायकांचं वाळवण शिमग्यातच डब्यात गेलं होतं त्यांनी ते पुन्हा बाहेर काढलं होतं. कोणी कोणाला खरं कारण सांगत नव्हतं. समोरासमोरच्या दोघी, एकमेकींना न बघितल्यासारखं करून, पापड उलटत होत्या.

"तुमचं वाळवण राहिलं होतं वाटतं?"

"जरासं. वास लागला होता, म्हटलं ऊन दाखवावं. तुमचं?"

"आमचंही जरासं."

आणि कोपऱ्यावर वैद्यराज, स्वतः, धोतर खोचून, घोंगडीवर औषधं मांडत होते. हिरडा, बेहडा, अडुळसा, वर्षभराची सगळी पुंजी.

मी जवळ गेलो. "वैद्यराज, औषधं बाहेर?"

"हवा खातायत," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुझी पागोटी काय करतायत?"

"हवाच खातायत."

"मग खाऊ दे. तोंड बंद ठेव."

दुपार टळली. आभाळ स्वच्छ. बुवा ओट्यावर पर्वतीकडे तोंड करून बसलेले, शेंडी मोकळी, मांडीवर पोथी. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते. घरांतून गौरींची पाठवणी सुरू झाली. झोपाळ्यातून गौर उचलायची तर बायका उगाच वेळ काढत होत्या. एकीचं कुंकू सापडेना, दुसरीची वात पेटेना.

आणि मग आमच्या पाठीमागून, येरवड्याच्या बाजूनं, जिकडे बुवांनी जन्मात कधी बघितलं नव्हतं तिकडून, काहीतरी गुरगुरलं.

मी वळून बघितलं. नदीपलीकडे काळाभोर ढग उभा राहिलेला, पैलवान लंगोट कसून आखाड्यात उतरतो तसा. वारा आला तो असा आला की गच्चीवरचे पापड उडून या घरचे त्या घरी पाहुणे गेले. धूळ, पाचोळा, कोणाचं तरी सूप. बुवा पर्वतीकडे बघत बसलेलेच. पहिला थेंब त्यांच्या टकलावर पडला तो मागून.

"कोण रे ते पाणी टाकतंय?" बुवा ओरडले. दुसरा थेंब. "अरे, सांगतो ना, कोण..." आणि ते वळले.

त्यानंतर आमच्या पेठेत जे झालं त्याला मी काय नाव देऊ? शिमगा परवडला. सर अशी कोसळली की समोरचं घर दिसेना. मधेच गारा पडायला लागल्या, आणि गच्चीवर जे पापड उरले होते त्यांचा ताशा वाजू लागला. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, पण वाळवण उचलायला एकही पुढं गेली नाही. कुरडया विरघळत होत्या आणि त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. वैद्यराजांचा हिरडा, बेहडा गटारातून तरंगत निघाला. कोणी धरायला धावला तर ते ओरडले, "वाहू द्या! नदीला खोकला झालाय!" आणि त्या भर पावसात आभाळाकडे तोंड करून उभे राहिले, तोंड उघडं टाकून. मला तर काही सुचेनाच. मी बांधावर उभा राहून नाचत होतो. होय, नाचत होतो. माझ्या डोळ्यांदेखत आबांची मेहनत लाल ओहोळ होऊन नागझरीत चालली होती, आणि मी नाचत होतो.

पण एक माणूस नाचत नव्हता. जोशीबुवा ओट्यावरून उडी मारून धावत आले, त्या वयात, चिखलातून. "अरे पागोटी! रंगाऱ्या, पागोटी!" ते दोरावरून पागोटी ओढायला लागले, खांद्यावर टाकायला लागले, पोटाशी धरायला लागले. कुठं ठेवणार? स्वतःभोवतीच गुंडाळायला लागले. क्षणात बुवा डोक्यापासून पायापर्यंत लाल झाले. टक्कल लाल, जानवं लाल, शेंडीतून लाल धार. रामाच्या देवळातला मारुती शेंदूर लावून पळत सुटावा तसे दिसत होते. मी त्यांना बघून हसलो, आणि मग तेही हसायला लागले. आम्ही दोघं ओल्या पागोट्यांत एकमेकांना अडकून हसत होतो.

आबा आले ते सर ओसरता ओसरता. हातात छत्री नव्हती, काठी होती.

माणसं गोळा झालीच होती, बुवांचं कौतुक करायला. ती बाजूला झाली. आबांनी रिकामी पेटी बघितली, दोर बघितले, मला बघितलं.

"कोणी काढली ही बाहेर?"

मला बोलायचं होतं. 'मी काढली, मुद्दाम काढली, बुवांसाठी काढली.' एवढंच. मग मला दाराआड उभी असलेली माझी बायको दिसली. आबांच्या काठीचं टोक वर आलं होतं.

"मी," जोशीबुवा म्हणाले.

आबा थबकले. "म्हणजे?"

"म्हणजे पोरगा म्हणत होता, पेटी उघडणार नाही. मीच म्हटलं, कापडाला दमट वास येतोय, जरा वारा दे. आज कोरडा दिवस आहे. सर-बिर काही येत नाही."

सगळे एकदम बोलायला लागले. वैद्यराज पुढं आले. "बुवा, शुद्धीवर आहात ना? सकाळी दारोदार काय सांगत फिरत होतात? माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलंय."

"सकाळी सांगितलं ते सकाळचं. मग शेंडी फिरली. शेवटचा शब्द रंगाऱ्याला दिला, तो कोरड्याचा. शेवटचा तो खरा."

"पण सर तर आली!"

"आली. मी नाही म्हटल्यावर आली. मारुतीसमोर बोललो ते काय? मी सांगेन त्या दिवशी. ही माझ्या सांगण्यातली नाही, ही आभाळाची स्वतःची." त्यांनी चेहऱ्यावरचा लाल रंग हातानं पुसला, तो आणखी पसरला. "पंचांग ठेवलं हो."

मी तोंड उघडलं. बुवांनी चिखलातल्या चिखलात माझ्या पायावर आपला पाय दाबला. मी तोंड मिटलं. एवढंच, माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम. मी तोंड मिटलं.

आबांनी काठी खाली केली. ब्राह्मणावर काठी उगारता येत नव्हती. "तुमच्या पायी बुवा," ते म्हणाले, "माझं नाक गेलं." बुवांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी ते आबांबरोबर शिलेदाराच्या वाड्यावर गेले आणि तिथंही तेच बोलले. शिलेदार हसला म्हणे. आबांनी आणि मी घास-झोप सोडून पागोटी पुन्हा रंगवली. लग्न नीट पार पडलं. वैशाख संपायच्या आत मला मुलगी झाली, त्याच घरात.

पुढच्या पाडव्याला वाईहून बुवांचा पुतण्या आला पंचांग वाचायला. हुशार, शब्द स्पष्ट. पोथीत होता तेवढा उकाडा त्यानं सगळा वाचला, एक घाम कमी केला नाही. माणसं मधूनच उठून गेली. बुवा आमच्यात बसून ऐकत होते, गाठ मारलेल्या शेंडीनं. कोणी विचारलं, "बुवा, आभाळ काय म्हणतंय?" तर म्हणायचे, "आभाळालाच विचारा."

मी त्यांना टाळायला लागलो. हौदावर जायचं तर लांबच्या बोळातून जायचो. गाठ पडलीच तर तेच म्हणायचे, "काय रंगाऱ्या, मुलगी काय म्हणते?" आणि मी म्हणायचो, "बरी आहे." इतकी वर्षं आमचं एवढंच बोलणं. ते पेठेत खोटे ठरून राहिले आणि मी त्यांच्या समोरच्या घरात खरा ठरून राहिलो.

ते गेले तेव्हा मी खांदा दिला नाही. तो माझा नव्हताच द्यायचा. नदीपर्यंत मागून चालत गेलो.

त्यानंतर काही महिन्यांनी जोशीणबाईंचं आलवण, विधवेचं ते तांबडं लुगडं, रंगवून द्यायला गेलो. त्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कापड ठेवलं आणि उठलो नाही. मग सगळं सांगितलं. पेटी, दोर, काठी, पायावरचा पाय. मी एवढं सलग आयुष्यात कधी बोललो नव्हतो. शेवटी म्हटलं, "त्या दिवशी बुवा बरोबर होते. पेठेत हे कोणीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं."

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता रडतील. त्या हसायला लागल्या.

"अरे, त्यांना माहीत होतं. कापड घडीचं होतं ना? वाळत घातलेल्या ओल्या पागोट्याला घडीच्या रेघा कशा? बघितल्याबरोबर ओळखलं त्यांनी. तुझ्या आबांनी सकाळी बजावलेलंही ओट्यावर ऐकू आलं होतं. म्हणाले, पोरानं माझ्यासाठी पेटी उपसली. त्याची बायको पोटुशी, तिला घेऊन जाईल कुठं?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"माझ्या कुरडया गेल्या त्याचा आला. मीही घातल्या होत्या की." त्यांनी डोळे पुसले. "त्या दिवशी लालेलाल होऊन घरी आले आणि दार लावून घेतलं. वाटलं, रडताहेत. बघते तर तोंडात उपरणं कोंबून हसताहेत. 'अगं, बरोबर आलं! दिवस बरोबर, पेठ बरोबर! दिशा तेवढी चुकली!' आणि मला शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. मी एकटीनं पोटात ठेवलंय सगळं. पण तू म्हणालास ते खरं. एकदा कोणी म्हटलेलं त्यांना आवडलं असतं."

बाईंनी सूप पुन्हा जवळ ओढलं. मग पुढं बोलल्या.

"शेवटच्या वैशाखात अंथरुणाला लागले होते. भर दुपार, कौलं नुसती तापलेली. मला म्हणाले, 'गार झालं बघ. घोंगडी दे.' तापच तो, दुसरं काय. दिली. मग माझ्याकडे बघत राहिले. 'तुला नाही वाटत गार?'"

"मग?"

"मग काय? दुसरी घोंगडी काढली आणि मीही पांघरून बसले, गळ्यापर्यंत. घामाच्या धारा लागल्या होत्या. म्हटलं, 'अहो, केवढा गारठा!' तेवढ्यात वैद्यराज आले. दारात थबकले. त्यांना बघितलं, मला बघितलं. आणि काही न विचारता आपलं उपरणं कानांवरून घट्ट लपेटून घेतलं, कुडकुडत आत आले आणि त्यांच्या उशाशी बसून म्हणाले, 'बुवा, आज फारच गार आहे हो.'"